इराकचा दिनार खरंच वधारणार का? आशेला जागा आहे, पण किती?

इराकी दिनारच्या नोटा घेऊन ठेवा, एक दिवस रातोरात भाव बदलेल आणि हजारांचे लाख होतील, ही आशा वीस वर्षांपासून जगभर विकली जातेय. अमेरिकेत तिचा जोर सगळ्यात जास्त. तिथे दिनार विकणाऱ्या एका कंपनीचे चालक २०१८ मध्ये फसवणुकीत दोषी ठरले, तरी आशा काही मेली नाही.

तिला थोडा आधारही आहे म्हणा. १९९० पूर्वी सरकारी भावाने एका दिनारला तीन डॉलरहून जास्त मिळायचे. मग सद्दाम हुसेनने कुवेतवर हल्ला केला, निर्बंध आले, तेलविक्री थांबली आणि सरकार नोटा छापत सुटलं. दिनार मातीमोल झाला. युद्धानंतर कुवेतचा दिनार सावरला, मग इराकचा का नाही, असं विचारलं जातं. पण कुवेतने अशा ढिगाने नोटा छापल्या नव्हत्या.

आता हिशेब बघा. इराकमध्ये साधारण १०० लाख कोटी दिनारच्या नोटा फिरतात. एक दिनार एक डॉलरचा करायचा तर १०० लाख कोटी डॉलर लागतील, म्हणजे जगातल्या सगळ्या देशांचं मिळून एका वर्षाचं उत्पन्न जवळपास तेवढंच. इराककडची परकीय गंगाजळी आहे साधारण १० हजार कोटी डॉलर. भागाकार केला तर एका डॉलरला हजार दिनार पडतात. आजचा सरकारी भाव १,३००. आशेची धाव कुठपर्यंत, ते इथेच कळतं.

शिवाय खुद्द सरकारलाच फार महाग दिनार परवडत नाही. त्याचं सुमारे ९० टक्के उत्पन्न तेलाचं, तेही डॉलरमध्ये. ते मोडून दिनारमध्ये पगार वाटायचे. दिनार महागला की त्याच डॉलरचे दिनार कमी येतात आणि पगार अडकतात. कोरोनात तेल पडलं तेव्हा म्हणूनच डिसेंबर २०२० मध्ये भाव १,१९० वरून १,४५० वर नेला, म्हणजे दिनार मुद्दाम स्वस्त केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधान मोहम्मद शिया अल-सुदानी यांच्या सरकारने तो १,३०० वर आणला. दिनार वधारला तो एवढाच, साधारण दहा टक्के.

खरी हालचाल आहे ती बँकांमध्ये. इराकच्या तेलाचे डॉलर २००३ पासून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत जमा होतात. बगदादची मध्यवर्ती बँक ते रोजच्या लिलावात विकायची आणि खोट्या बिलांवर डॉलर उचलून इराण, सीरियाकडे जायचे. नोव्हेंबर २०२२ पासून न्यूयॉर्कने चाळणी बारीक केली. पैसा कोणाचा, कोणाला, कशासाठी, सगळं आधी सांगायचं. जुलै २०२३ मध्ये १४ इराकी बँकांना डॉलरचे व्यवहार बंद झाले. पुढे लिलावाची ती पद्धतही गुंडाळली गेली. आता व्यापाऱ्याला नामांकित परदेशी बँकांमार्फत पैसे पाठवावे लागतात. पगार कार्डावर येऊ लागलेत. लोकांची बहुतांश रोकड मात्र अजून घरातच आहे, कारण बँकेवर भरवसाच नाही.

घोळ होतो तो शून्य काढण्याच्या बातमीने. नोटांवरची तीन शून्यं काढायची चर्चा इराकमध्ये अधूनमधून होते. तसं झालं तर २५ हजारांच्या नोटेच्या जागी २५ ची नोट येईल आणि किंमत तीच, सुमारे १९ डॉलर. आपल्याकडे १९५७ मध्ये सोळा आण्यांचे शंभर नवे पैसे झाले, रुपया काही मोठा झाला नाही, तसंच हे. उलट जुन्या नोटा बदलायला मुदत असते. सद्दामच्या फोटोच्या नोटा बदलायला २००३-०४ मध्ये तीन महिने मिळाले होते, तेही इराकच्या बँकांत. दूर देशात पेटीत ठेवलेल्या नोटेचं तेव्हा काय होणार?

दिनारची तब्येत बघायची तर दोन भाव शेजारी ठेवायचे, सरकारी १,३०० आणि बगदादच्या बाजारातला. जानेवारी २०२३ मध्ये बाजारभाव १,६०० च्याही वर गेला होता. नंतर तो खाली आला, पण सरकारी भावाला टेकला नाही.