भाकरीचं वजन कोणतं धरायचं?

परवा भिशीत आमच्या जाऊबाईंनी मोबाईल पुढे केला. "बघ की, कडक भाकरीत किती कमी कार्ब दाखवतंय!" त्यांचं कीटो चालू आहे. मी बघितलं, तर त्यांनी कडक भाकरी काट्यावर ठेवून ते वजन अ‍ॅपमधल्या साध्या भाकरीच्या नावावर टाकलेलं. अहो, कडक भाकरीतलं पाणी उडतं, पीठ थोडंच उडतं?

कीटोत दिवसाला साधारण 20 ते 50 ग्रॅम कर्बोदकं चालतात. 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठातच तीसेक ग्रॅम असतात! म्हणून माझं मत विचाराल, तर अ‍ॅपमध्ये घरची पाककृती कच्च्या पिठाच्या ग्रॅममध्ये भरता यायला हवी, आणि तंतू वेगळे दिसायला हवेत. हेल्थीफायमीत आपले पदार्थ सापडतात, क्रोनोमीटरमध्ये पोषणाचे बारीकसारीक आकडे. शेंगा चटणी मात्र कुठेही आयती घेऊ नका. घरोघरी दाण्यांचं आणि तेलाचं प्रमाण वेगळं.

जाऊबाईंना शुगरची गोळी चालू आहे, ही खरी काळजी. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेताना कर्बोदकं एकदम तोडली, तर शुगर फार खाली जाऊ शकते. "डॉक्टरांना सांगितलंत का?" विचारलं, तर गप्प! मंगळवारी मीच घेऊन जाणार आहे त्यांना.