हाड कोणाचे? सही करण्याआधी विचारा

दाढ काढून वर्ष लोटते. त्या जागी इम्प्लांट बसवायचे ठरते आणि दंतवैद्य सांगतात, ‘‘जबड्याचे हाड झिजले आहे, आधी ग्राफ्ट करावे लागेल.’’ घरची मंडळी खर्च विचारतात, दुखेल का ते विचारतात आणि संमतीपत्रावर सही होते. ते हाड येणार कोठून, हे मात्र विचारायचे राहूनच जाते.

खरे तर उत्तर नावातच असते. ‘ऑटो’ म्हणजे स्वतःचे. ऑटोग्राफ्टसाठी रुग्णाच्याच हनुवटीतून, खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून किंवा कमरेच्या हाडातून तुकडा घेतात. शरीर त्याला परके मानत नाही. मात्र जखमा दोन होतात. भाजलेल्या रुग्णाला त्याच्याच मांडीची त्वचा लावतात, तोही ऑटोग्राफ्टच.

‘अ‍ॅलो’ म्हणजे दुसऱ्या माणसाचे. नेत्रदानातून मिळालेले बुबुळाचे पारदर्शक पटल हे त्याचे ओळखीचे उदाहरण. दान मिळालेले हाड टिश्यू बँकेत तपासून, निर्जंतुक करून ठेवतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशी बँक १९८८ मध्ये सुरू झाली.

‘झेनो’ म्हणजे परक्या जातीचे, अर्थात प्राण्याचे. दंतोपचारात ते बहुधा गाय-बैलाचे, कधी डुकराचे असते. त्यावर प्रक्रिया करून मुख्यतः खनिज भाग ठेवतात आणि त्याच्या आधाराने रुग्णाचे स्वतःचे हाड वाढते. वर अंथरायचा कोलॅजेनचा पातळ पडदाही बहुधा प्राणिजन्यच असतो.

एका नावाने मात्र फसगत होऊ शकते. अ‍ॅलोप्लास्टमध्ये ‘अ‍ॅलो’ असले, तरी ते माणसाचे नसते. ते हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसारखे कृत्रिम द्रव्य असते.

यांपैकी कोणते योग्य, हे खड्डा किती मोठा आहे आणि रुग्णाची प्रकृती कशी आहे, यावर डॉक्टर ठरवतात. पण एखाद्या घरात मांसाहार वर्ज्य असतो, कोणाच्या धर्मात अमुक प्राणी निषिद्ध असतो, तर कोणाला मृत व्यक्तीचे हाड नको वाटते. ग्राफ्ट एकदा हाडात मिसळला, की तो सहज काढता येत नाही. म्हणून ही चर्चा सहीच्या आधीच व्हायला हवी.

ग्राफ्ट कशाचा, पडदा कशाचा आणि दुसरा पर्याय कोणता, हे तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. वेष्टनावरील लेबल आपल्या फाइलला लावून घ्यावे. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर तेच उपयोगी पडेल.