मामाल, मावळ आणि मावळे

आडनावावरून मूळ गावाचा माग काढण्याची हौस आपल्या घराघरांतून आहे. परंतु स्थळावरून पडलेली नावे पुष्कळदा चकवा देतात. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे मावळातले असावेत, असे नाव ऐकून कोणासही वाटेल. प्रत्यक्षात त्यांचे घराणे रत्नागिरीकडील संगमेश्वर भागातल्या मावळंगे गावचे.

मग खुद्द मावळची कुळकथा कोणती? सूर्य मावळतो तिकडचा मुलूख तो मावळ, ही व्युत्पत्ती सर्वतोमुखी आहे. परंतु लोणावळ्याजवळील कार्ल्याच्या चैत्यगृहातला सातवाहनकालीन लेख निराळी साक्ष देतो. लेण्यांतील भिक्षूंस करजिक नावाचे गाव देणाऱ्या त्या राजाज्ञेत या प्रांतास ‘मामालाहार’ म्हटले आहे. आहार म्हणजे जिल्हा. मामालचे मावळ कसे झाले, हे आपल्या नित्याच्या बोलीतच पाहावे. ग्रामाचे गाव झाले, नामाचे नाव झाले, कुमाराचा कुवर झाला. तोच हा न्याय.

अशी नावे स्थळाचा हात सोडून दूरवर जातात, हे रोमच्या इतिहासातही दिसते. कार्ल्याचा लेख ज्या काळातला, त्याच सुमारास तेथे हेड्रियन बादशहा (११७–१३८) राज्य करीत होता. त्याचे कुलनाम इटलीतील हाड्रिया गावावरून पडलेले. त्याचेच पुढे एड्रियन झाले. ११५४ साली पोपपदी बसलेल्या एका इंग्रजानेही तेच धारण केले. आज मुलास ते नाव ठेवणाऱ्या किती आईबापांस हाड्रिया आठवत असेल?

‘मावळा’ या शब्दाचीही वाट तीच आहे. बारा मावळांतला शेतकरी शिवछत्रपतींच्या पायदळात शिरला आणि त्याच्या गावठिकाणाचे नाव निष्ठेचे व शौर्याचे बिरुद झाले. हा गौरव यथायोग्यच होय. परंतु १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह करण्याची पाळी आली ती याच मावळ्यांवर, आणि अखेर त्यांची भातखाचरे पाण्याखाली गेलीच. बिरुद मिरवावे आणि ज्याचे ते बिरुद त्या माणसास विसरावे, हे आम्हांस उचित वाटत नाही.

कार्ल्यास सहलीस जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांस त्या लेखापुढे घटकाभर उभे करावे. आणि वाटेत दिसणारी खाचरे कोण कसतो, हेही त्यांस अवश्य सांगावे.