वार पक्का हवा, वेळ लोकांची हवी

यवतमाळ जिल्ह्यात फिरत्या दवाखान्याची गाडी अनेकदा ग्रामपंचायतीसमोर उभी राहते. कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे त्यांची वस्ती, मात्र गावापासून वेगळे, शेतशिवारापलीकडे असते. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांत काम केलेल्यांना हे अंतर चांगले ठाऊक आहे. अहवालात गावाचे नाव चढते. पोडावरची गरोदर बाई, सिकलसेलचे मूल, रक्तदाबाची म्हातारी तपासणीविना राहतात.

गाड्या कमी आहेत, हे खरेच. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा सर्वसाधारण निकष 10 लाख लोकसंख्येमागे एक गाडी असा आहे. 2011च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 27 लाख 72 हजार. क्षेत्रफळ सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटर. या हिशेबाने वाट्याला जेमतेम तीन गाड्या येतात. विखुरलेल्या वस्त्यांना असा हिशेब पुरत नाही. आदिवासी भागांसाठीच्या नवसंजीवनी योजनेत भरारी वैद्यकीय पथके आली. नोव्हेंबर 2023मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात कोलामांसारख्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी फिरत्या पथकांची तरतूद झाली. तिचा पाठपुरावा आपण नेटाने करायलाच हवा. पण गाडी मिळाल्यावर वार आणि वेळ पाळणे हे आपलेच काम आहे.

आठवडी बाजाराचा वार कुणाला विचारावा लागत नाही. दवाखान्याचा वारही तसाच तोंडपाठ व्हायला हवा. रक्तदाब, मधुमेह, फिट्स यांची औषधे खंडित झाली की आधीचे उपचार वाया जातात. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्या मुलाचे रक्त ठरावीक काळाने तपासावे लागते. एक फेरी बुडाली की गोळ्या संपतात आणि तपासणीही राहते. म्हणून पुढच्या फेरीपर्यंत पुरून दोन आठवडे उरतील इतक्या गोळ्या रुग्णाच्या हाती द्याव्यात. फेरी रद्द झालीच तर आदल्या दिवशी आशाताईंना फोन जावा आणि बदली तारीख त्याच फोनवर ठरावी. उमरखेडच्या ‘बंदी’ नावाच्या भागात नाल्यांना पूर आला की वाट अडते. हे दरवर्षीचे आहे. तिथला औषधसाठा मृगाआधीच पोहोचायला हवा.

वेळेचेही तेच. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी जोरात असते आणि मजुरी किलोवर मिळते. सकाळी अकराला गाडी आली, तर तपासणीला येणारी बाई त्या दिवसाची कमाई सोडून येते. हंगामात दवाखाना सायंकाळीच भरला पाहिजे. त्यासाठी डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता आणि चालक यांना बदली सुट्टी व परतीच्या प्रवासाची सोय देणे ही प्रशासनाची जबाबदारी आहे. फवारणीच्या दिवसांत तर सायंकाळची फेरी अधिकच मोलाची. 2017च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. शेतातून परतलेल्या मजुराला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे धूसरपणा आहे का, हे त्याच सायंकाळी विचारले, तर त्याला वेळेत रुग्णालयात हलवता येते.

आमची सूचना साधी आहे. मासिक अहवालात केवळ तपासलेल्यांचा आकडा नको. पोडाचे नाव, ठरल्या वारी फेरी झाली की नाही, आणि मागच्या खेपेच्या दीर्घ आजारी रुग्णांपैकी किती जण पुन्हा भेटले, हे तीन रकाने त्यात जोडावेत. वरून आदेश येण्याची वाट न पाहता प्रत्येक पथकाने पुढच्या महिन्यापासून ते भरायला घ्यावेत. तोच रुग्ण पुन्हा तपासला गेला, तरच उपचार सुरू आहेत असे म्हणता येईल.