तासावरच्या मास्तरांचं बिल

ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळावे, हा हक्क आपल्याला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने दिला. बिल लांबलं की आपण रस्त्यावर उतरतो, ते रास्तच आहे. पण आपल्याच पोरांना कॉलेजात शिकवणाऱ्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचं काय? जेवढे तास, तेवढेच मानधन. तेही कित्येकदा महिनोन् महिने थकते. सुट्टीचा पगार नाही, पुढच्या वर्षाची शाश्वती नाही. शिकवण्याची हौस असूनही मन लागणार कसं? शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे शिक्षण दिले, त्या कोल्हापुरात हे शोभत नाही. शिक्षणसंस्थांच्या मंडळांवर आपल्यापैकीच माणसं आहेत. आमचे म्हणणे एवढेच : पुढच्या सभेत त्यांना विचारा, मास्तरांचं बिल निघालं का?