बुडाखाली अंधार

शनिवारची रात्र. तुमच्यापैकी बरेच जण कुठेतरी मस्त हँगआउट करत असाल. आम्ही दोघं नवरा-बायको मात्र बेडरूममध्ये, एका दहा महिन्यांच्या मुलीच्या दोन बाजूंना, बॉम्बशोधक पथकासारखे उभे. टास्क काय, तर डायपर बदलणे. ठमीचं (कागदोपत्री नाव भारदस्त आहे, पण घरात ती ठमीच) बूड इतकं लाल झालं होतं की आम्ही अजून हातही लावलेला नसायचा, नुसता डायपरची टेप उघडल्याचा 'चर्र' आवाज झाला की ती रडायला सुरुवात करायची. त्या आवाजालाच घाबरायला लागली होती बिचारी.

त्या रात्री डायपर उघडला आणि नवरा म्हणाला, ''अगं, हे रक्त आहे का?''

होतं. दोन ठिकाणी वरची कातडी निघालेली आणि आत बारीक लाल ठिपके. माझ्या पोटात गोळा आला. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे चारच दिवसांपूर्वी हेच बूड जवळजवळ बरं झालं होतं. आणि ते 'बरं' मीच केलं होतं.

तर मंडळी, फ्लॅशबॅक. ठमीचा कान दुखत होता म्हणून पाच दिवसांचं अँटिबायोटिक सुरू झालं. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं. दिवसाला आठ-नऊ वेळा पातळ शी. एका दिवसात बूड गुलाबी, दुसऱ्या दिवशी टोमॅटो. मग सल्ल्यांचा पाऊस. नाशिकहून 'अगं आई' (माझी) फोनवर म्हणाली, खोबरेल लाव. इथली 'अहो आई' (नवऱ्याची) म्हणाली, ''आधी त्या प्लॅस्टिकच्या चड्ड्या फेक. आमच्या वेळी लंगोट होते, कुणाला काही झालं नाही.'' नणंदेने पावडर सुचवली. आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकीने कॉर्नफ्लोअर, दुसरीने हळद. माझ्या डोक्यावर एका स्टोरीची डेडलाइन. फ्रीलान्सरला मॅटर्निटी लीव्ह नावाचा प्रकार नसतो, हे जाता जाता सांगून ठेवते.

शेवटी मी खाली मेडिकलमध्ये गेले. ''बाळाला रॅश आलंय'' एवढंच म्हटलं. काउंटरवरच्या माणसाने किती महिन्यांचं बाळ, कसं रॅश, काहीही न विचारता ड्रॉवरमधून एक ट्यूब काढली. ''मॅडम, सगळे हेच नेतात. दोन दिवसांत क्लिअर!''

आणि खरंच हो, दोन दिवसांत क्लिअर! टोमॅटोचं पुन्हा गुलाबी झालं. मी इतकी खूश की ट्यूबचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, वर 'मॅजिक!!' असं लिहून. दोघींनी लगेच नाव नोट करून घेतलं. तिसऱ्या दिवशी मी ट्यूब लावायची थांबवली आणि शनिवारी रात्री ते रक्त.

सोमवारी सकाळी आम्ही डॉक्टर मॅडमच्या केबिनमध्ये. त्यांनी ठमीला पालथं केलं, मांड्यांच्या घड्या हलकेच उघडून बघितल्या आणि लाल भागाच्या कडेला विखुरलेले बारीक बारीक ठिपके दाखवले. ''साध्या रॅशमध्ये घड्या बहुतेक वाचतात. कारण शी-शू लागते ती फुगीर भागाला. इथे घडीच्या आतही लाल आहे आणि बाहेर हे सुटे ठिपके. म्हणजे फंगस. कॅन्डिडा.'' अँटिबायोटिक घेतल्यावर आतड्यातले चांगले जिवाणूही मरतात आणि ही बुरशी माजते. त्यात डायपरच्या आतली ऊब आणि ओल, म्हणजे तिला फाइव्ह स्टार हॉटेलच. साधं रॅशसुद्धा तीन-चार दिवस तसंच राहिलं तर तिथे ही पाहुणी मुक्कामाला येऊ शकते.

मग त्यांनी विचारलं, ''काय लावलंत?'' मी पर्समधून ट्यूब काढली. मॅडमनी चष्मा वर सरकवून मागची बारीक अक्षरं वाचली आणि त्यांचा चेहराच बदलला. ''यात क्लोबेटासॉल आहे. माहितीये काय असतं ते?''

मास कम्युनिकेशनची डिग्री, कुठलीही बातमी क्रॉसचेक केल्याशिवाय देत नाही असा माझा तोरा. आणि पोरीच्या अंगाला लावायच्या ट्यूबची मागची बाजू मी वाचलीच नव्हती! क्लोबेटासॉल हे स्टिरॉइड आहे, आणि त्वचेला लावायच्या स्टिरॉइड्समधलं सगळ्यात स्ट्राँग गटातलं. सोबत एक अँटिबायोटिक आणि एक फंगसचं औषध, असं थ्री-इन-वन. स्टिरॉइडने लाली आणि सूज झटक्यात उतरते, म्हणून आपल्याला वाटतं जादू झाली. मॅडमच्या शब्दांत, ''तुम्ही आग विझवली नाहीत, अलार्म बंद केलात.'' त्वचेची लढायची ताकद स्टिरॉइड दाबून टाकतं, बुरशी आरामात पसरते आणि ट्यूब थांबवली की सगळं दुप्पट जोराने परत येतं. मग माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. असं महिनोन् महिने चालतं.

खरा धोका त्याच्याही पुढचा आहे. बाळाची त्वचा पातळ, त्यावर घट्ट डायपर, म्हणजे मलम लावून वर पट्टी बांधल्यासारखंच. औषध मोठ्या माणसाच्या हातापायावर मुरतं त्याच्या कितीतरी जास्त आत जातं. त्वचा पातळ होते, आणि आठवडेच्या आठवडे लावलं तर ते रक्तात जाऊन शरीराची स्वतःची हार्मोन्स बंद पाडू शकतं. चेहरा गोल सुजतो, अंगावर चरबी चढते, वाढ खुंटते. डायपर रॅशला अशी ट्यूब लावत राहिल्याने हे झालेली बाळं आपल्या देशातल्या डॉक्टरांनी पाहिलीत आणि नोंदवलीही आहेत. घरचे म्हणे खूश असतात, बाळ कसं गुटगुटीत झालंय!

२०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. माझ्या ट्यूबवरही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं होतं. इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरात, पण होतं. काउंटरवरच्या माणसाने ते पाळलं नाही हे खरंच. पण मीही कुठे वाचलं होतं?

असो. खरं औषध काय निघालं? एकदम बोअरिंग. फंगसचं साधं क्लोट्रिमाझोल, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही, दिवसातून दोनदा पातळसर. आणि लाली गेल्यावरही काही दिवस चालू ठेवायचं. त्याच्यावर झिंक ऑक्साइडचं पांढरं, घट्ट मलम, प्रत्येक वेळी डायपर बदलताना. ते किती? मी पोळीला तूप लावावं तसं लावत होते. मॅडम म्हणाल्या, ''पोळीवर तूप नाही, पुरीवर श्रीखंड!'' खालची त्वचा दिसता कामा नये. कारण हे मलम रॅश 'बरं' करत नाही, ते मधली भिंत आहे. शी आणि कातडी यांची गाठ पडू नये म्हणून. शूमधल्या युरियाचं शीतले जिवाणू अमोनिया करतात, त्याने शीतली पचनाची द्रव्यं जोरात कामाला लागतात आणि बाळाची कातडीच पचवायला घेतात. जुलाबात तर ही द्रव्यं जास्तच. म्हणून तर एका दिवसात टोमॅटो.

आणि इथे माझी दुसरी चूक कळली. मी दर वेळी ते मलम खरवडून, घासून साफ करत होते, अगदी सुगंधी वाइप्सने. स्वच्छतेची हौस! ते करायचंच नाही. वरचा घाण झालेला थर तेवढा कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने टिपायचा, खालचा पांढरा थर स्वच्छ असेल तर राहू द्यायचा आणि त्यावर नवीन थापायचं. चिकटून बसलं असेल तर जरा तेल लावलं की सुटतं (नाशिकच्या खोबरेलाला अखेर काम मिळालं). फारच झोंबत असेल तर पुसायचंच नाही, कोमट पाण्याच्या टबात बुडवून काढायचं. मग मऊ मलमलीने टिपायचं. चोळायचं नाही.

पण सगळ्यात कठीण प्रिस्क्रिप्शन शेवटी आलं. ''दिवसातून जमेल तितका वेळ उघडं ठेवा.''

आता सांगा, वन बीएचके, भाड्याचं घर, सोफा घरमालकाचा, नवऱ्याचे हिंजवडीवाले कॉल्स आणि हॉलभर रांगणारं एक उघडं बूड! नवऱ्याने दोन दिवस रजा टाकली. हॉलमध्ये जुनी मेणकापडं, त्यावर साडीची दुपटी. ही दुपटी अहो आईंनी बाळंतविड्यात दिलेली, जी मी 'नंतर बघू' म्हणून माळ्यावर टाकली होती. आता त्यांनीच ती काढली, धुतली, कडक उन्हात वाळवली आणि फतकल मारून ठमीसमोर बसल्या. शू झाली की दुपटं बदल, शू झाली की दुपटं बदल. एका सकाळी अकरा दुपटी. मी मोजली, कारण वाळत घालायची ड्यूटी माझी होती.

लंगोट विरुद्ध डायपर हे आमच्या घरातलं भारत-पाकिस्तान. मी मॅडमना मुद्दाम विचारलं, अहो आईंच्या समोरच, कोण बरोबर? त्या हसल्या. ओला लंगोट तासभर तसाच राहिला तर तो डायपरपेक्षा वाईट, कारण चांगला डायपर निदान ओल आतल्या जेलमध्ये खेचून तरी घेतो. आणि डायपर आठ तास तसाच राहिला तर तोही वाईटच. म्हणजे कापड की जेल हा प्रश्नच नाही, तो बदलतंय कोण आणि किती वेळा हा प्रश्न आहे. ''आमच्या वेळी घरात चार बायका होत्या बदलायला,'' घरी येताना रिक्षात अहो आई एकदम म्हणाल्या. मी काहीच बोलले नाही. त्याही पुढे काही बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून 'प्लॅस्टिकच्या चड्ड्या' हा शब्द घरात ऐकलेला नाही.

चार बायकांवरून आठवलं, पाळणाघर. मी ठमीबरोबर दहा तासांसाठी तीन डायपर पाठवत होते. एका डायपरचे दहा-पंधरा रुपये, पाकिटावर 'बारा तास ड्राय' असं ठसठशीत छापलेलं, म्हटलं तीन म्हणजे चिक्कार. ड्राय म्हणजे फक्त शू शोषली जाते हो, शी कुठे जाणार? आता सहा पाठवते. शी झाली की लगेच आणि एरवी दोन-तीन तासांनी बदला, असं तिथल्या ताईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, ''मग आधी तीनच का देत होतात?'' गप्प बसले.

नणंदेच्या पावडरीचाही निकाल लागला: नको. उडालेली भुकटी बाळाच्या फुफ्फुसात जाते आणि घड्यांमध्ये ओली होऊन तिचे गोळे बनतात. कॉर्नफ्लोअर आणि हळदही सोललेल्या कातडीवर नकोच. आणि एखाद्या घरात अजून बोरिक पावडर वापरत असतील, तर ती कॅरम बोर्डवर ठेवा. बोरिक अ‍ॅसिड फाटलेल्या त्वचेतून शरीरात जातं आणि तान्ह्या बाळांना ते विषारी आहे. पूर्वी यात बाळं दगावलेली आहेत.

डॉक्टरकडे केव्हा पळायचं, हेही विचारून घेतलं. दोन-तीन दिवस नीट काळजी घेऊनही उतार नाही, फोड आले, पू किंवा रक्त दिसलं, ताप आला, लाली डायपरच्या बाहेर पोटावर-मांड्यांवर चालली, तर वाट बघायची नाही. तोंडाभोवती आणि हातापायांवरही तसंच दिसलं आणि हटतच नसेल, तर शरीरातल्या झिंकच्या कमतरतेसारखं काही वेगळंच असू शकतं. आणि महिन्या-दीड महिन्याच्या तान्ह्या बाळाला घरी प्रयोग करायचेच नाहीत.

ठमीला तिसऱ्या दिवशी फरक दिसला, आठवड्याने नवी गुलाबी कातडी आली. दोन दिवसांत क्लिअर वगैरे काही नाही.

राहिलं ते ग्रुपवरचं 'मॅजिक'. डॉक्टरांकडून आल्या आल्या तो मेसेज डिलीट केला आणि नाव नोट केलेल्या दोघींना फोन लावला. पहिलीने ट्यूब आणली होती, पण फोडली नव्हती. दुसरी म्हणाली, ''अगं, मी तर हेच लावते, तीन आठवडे झाले. माझ्या वहिनीनेही हेच सांगितलं होतं. तू फोटो टाकलास म्हणून म्हटलं, बरोबरच चाललंय.'' मी घाईघाईत 'आत्ता बंद कर' म्हणणार होते, पण मॅडमनी बजावलं होतं की बरेच दिवस लावलेलं असेल तर स्वतःच्या मनाने काहीच करायचं नाही, कसं थांबवायचं ते डॉक्टरच सांगतील. म्हणून म्हटलं, ट्यूब घे, बाळाला घे आणि आज संध्याकाळीच जा. ती जरा चिडली. साहजिक आहे.

रात्री साडेनऊला तिचा मेसेज आला. बाळ ठीक आहे, वजन-उंची बघितली, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. खाली लिहिलं होतं, 'झिंकवालं कुठलं आणलंस?'

मी आधी ट्यूब उलटी करून मागची बाजू पूर्ण वाचली. मग नाव पाठवलं, आणि खाली लिहिलं, हेही डॉक्टरांना दाखव.