डेटा सेंटरच्या विजेचा हिशेब

दहावीचा निकाल, सातबाऱ्याचा उतारा, कचेऱ्यांची वेतनबिले ही आता कपाटातील फायलींत कमी आणि दूर कोठेतरी चालणाऱ्या संगणकांवर अधिक राहतात. या व्यवस्थेला ‘क्लाउड’ हे नाव पडले आणि त्या नावानेच अर्धा घोटाळा केला. ढगाला विजेचे बिल येत नाही, अशी कल्पना लोकांच्या मनात त्यामुळे रुजली. प्रत्यक्षात हा ढग ऐरोली, महापे, रबाळे येथील बंदिस्त इमारतींत बसलेला आहे. तेथे हजारो संगणक अहोरात्र चालतात आणि ते तापू नयेत म्हणून थंडाव्याची यंत्रेही अहोरात्र चालतात. देशातील डेटा सेंटरांची जवळजवळ निम्मी क्षमता मुंबई व नवी मुंबई परिसरात एकवटली आहे. या इमारती किती वीज घेतात आणि त्यापायी किती कार्बन हवेत जातो, हा प्रश्न महाराष्ट्राला परका राहिलेला नाही.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. ती जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का होते. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून पुढे जाईल, असे ही संस्था म्हणते. यात ‘अंदाज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्येक इमारतीच्या दारात विजेचा मीटर असताना अंदाज का करावा लागतो? कारण बहुतेक देशांत मीटरवरील आकडा कंपनीच्या व वीजमंडळाच्या वहीतच राहतो.

कंपन्या जाहीर करतात तो आकडा निराळा असतो. इमारतीत आलेली एकूण वीज भागिले संगणकांना मिळालेली वीज, असे ‘पीयूई’ नावाचे गुणोत्तर त्या अभिमानाने सांगतात. ते दीड असेल तर संगणकांच्या प्रत्येक युनिटामागे अर्धे युनिट थंडावा व इतर गोष्टींत गेले, असा त्याचा अर्थ. हे माप उपयुक्त आहे, यात शंका नाही. त्यामुळे थंडाव्यावरची उधळपट्टी कमी झाली. परंतु संगणक काही काम करीत आहेत की नुसतेच तापत आहेत, हे ते सांगत नाही. उलट एखाद्या व्यवस्थापकाने रिकामे चालणारे संगणक बंद केले आणि थंडाव्याचा खर्च तेवढाच राहिला, तर वीज वाचते आणि गुणोत्तर मात्र बिघडते! काटकसर करणाऱ्याला दोष देणारे माप एकट्याने पुरेसे कसे ठरेल?

कार्बनच्या हिशेबात तर गोम याहून मोठी आहे. हरितगृह वायूंच्या हिशेबासाठी २०१५ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विजेपासूनचे उत्सर्जन दोन प्रकारे मांडावे लागते : एक, वीज जेथून घेतली त्या जाळ्यातील सरासरी कार्बनवरून, दुसरे, विकत घेतलेली हरित वीज व तिची प्रमाणपत्रे जमेस धरून. मेटा कंपनीचा २०२२ सालचा आकडा दुसऱ्या पद्धतीने अवघा २७३ टन होता. पहिल्या पद्धतीने तो ३८ लाख टनांच्या घरात होता. दोन्ही आकडे नियमात बसणारे आणि दोन्ही कंपनीनेच प्रसिद्ध केलेले. जाहिरातीत कोणता येतो, हे सांगण्याची गरज नाही. दुपारच्या सौरविजेचे प्रमाणपत्र मध्यरात्रीच्या कोळशाच्या विजेवर चिकटवता येते, तोवर ही तफावत राहणारच. भारतीय जाळ्यातील एका युनिटामागे आजही सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. प्रमाणपत्राने तो धूर परत चिमणीत जात नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक कचेरीने आपापले संगणक ठेवण्यापेक्षा ते एकत्र ठेवणे काटकसरीचे आहे. २०१० ते २०१८ या काळात डेटा सेंटरांचे काम सहापटीहून अधिक वाढले, वीज मात्र सुमारे ६ टक्केच वाढली, असा एका मान्यवर अभ्यासाचा निष्कर्ष आहे. पण तो काळ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेपूर्वीचा होता. गूगलचे २०२३ चे उत्सर्जन २०१९ पेक्षा ४८ टक्क्यांनी अधिक होते, हे त्या कंपनीच्याच अहवालात आहे.

आयर्लंडने निराळी वाट धरली. तेथील सांख्यिकी कार्यालय थेट मीटरच्या नोंदींवरून डेटा सेंटरांचा वापर दरवर्षी जाहीर करते. २०१५ मध्ये देशाच्या ५ टक्के वीज या इमारतींत जात होती, २०२३ मध्ये २१ टक्के. शहरांतील सर्व घरांहूनही अधिक. हा आकडा लोकांसमोर असल्यामुळे डब्लिन परिसरातील नव्या जोडण्यांचा वाद ऐकीव गोष्टींवर चालला नाही. युरोपीय संघानेही ५०० किलोवॅट व त्यावरील केंद्रांना २०२४ पासून माहिती देणे बंधनकारक केले.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड धोरण स्वीकारले आणि २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरांना सवलती दिल्या. म्हणजे शासन येथे गिऱ्हाईकही आहे आणि सवलत देणारेही. वीजपुरवठादारांकडे मीटरच्या नोंदी आहेत. विभागवार एकत्रित आकडे छापल्याने कोणाचेही व्यापारी गुपित फुटत नाही. आपल्या कामासाठी किती युनिट लागले आणि स्थानिक जाळ्याच्या हिशेबाने किती कार्बन निघाला, हे दोन रकाने शासनाने क्लाउडच्या पुढच्या निविदेतच घालावेत. जो पुरवठादार महिन्याचे बिल पैशापर्यंत काढू शकतो, त्याला हे रकाने भरणे जड जाऊ नये.